थोडक्यात सांगायचं तर

गिटारचा आवाज घुमवायचा असेल तर मोबाइलमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की आवाज घुमतो. ही माहिती गेल्या चार महिन्यांत घरातल्या प्रत्येकानं मला निदान एकदा पुरवली आहे. चिरंजीवांनी तर बटण दाबूनही दाखवलं. पण मला टेप इको हवा होता, खऱ्या फितीवरचा, आणि तोही स्वतःच्या हातानं बनवलेला. खूळ ही चीज अशी असते की ती डोक्यात शिरताना दार वाजवत नाही आणि जाताना एकटी जात नाही. घरातला एखादा स्क्रू ड्रायव्हर, दोन-चार रविवार आणि बायकोचा विश्वास सोबत घेऊन जाते.

तत्त्व अगदी सोपं आहे. एका हेडनं, म्हणजे फितीला टेकणाऱ्या इवल्या विद्युतचुंबकानं, फितीवर आवाज उतरवायचा. जरा पुढे दुसरं हेड बसवायचं. फीत सरकत तिथवर पोचली की ते हेड तोच आवाज वाचून दाखवतं. मधल्या प्रवासाला लागला तेवढा उशीर, म्हणजेच आपला प्रतिध्वनी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर चालते. दोन हेडांत दोन सेंटीमीटर ठेवले की ०.४२ सेकंदाचा उशीर मिळाला. ऐकलेल्यातलं थोडं परत पहिल्या हेडकडे पाठवलं की प्रतिध्वनीलाही प्रतिध्वनी फुटतो. आणि फीत संपू नये म्हणून तिची दोन टोकं जोडून वेटोळं करायचं. पाचवीतल्या पोराला कळेल असं आहे. फक्त पाचवीतल्या पोराला ते करावं लागत नाही.

"अहो, पण हे आधी कुणी केलं नसेल का?" बायकोनं विचारलं.

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, चुंबकीय फितीचं पेटंटच मुळी १९२८ चं, फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या गृहस्थाचं. त्याआधी तो सिगारेटच्या कागदावर धातूची चकचकीत पट्टी बसवायच्या खटपटीत होता. तीच युक्ती त्यानं लोहचूर्ण लावायला वापरली. पुढे पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसला सॅम फिलिप्स नावाचा स्टुडिओवाला दोन टेपरेकॉर्डर जोडून गायकांचे आवाज घुमवायला लागला. १९५८ मध्ये चार्ली वॉटकिन्सनं लंडनमध्ये कॉपिकॅट नावाचा तयार टेप इको काढला, अमेरिकेत त्याच सुमाराला इकोप्लेक्स आला, आणि १९७४ मधल्या रोलंड कंपनीच्या स्पेस इकोमध्ये तर फितीला रीळच नाही, नुसती एका कप्प्यात मोकळी लोळत असते...

"म्हणजे केलंय," ती म्हणाली आणि उठून गेली.

जुन्या सामानातून दोन बंद पडलेले कॅसेट प्लेअर निघाले. पहिला उघडला. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून त्याचं काळं, डांबरासारखं चिकट काहीतरी झालं होतं. ते मी बोटानं पुसलं. पुढचे आठ दिवस घरात माझा मागोवा घेणं अगदी सोपं होतं: दिव्याचं बटण, फ्रिजचा दांडा, नळ, उशीचा अभ्रा. चिरंजीवांच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही आहे आणि शेजारी, न मागता, अंगठाही आहे.

रेकॉर्डिंगही करणाऱ्या प्लेअरमध्ये मधल्या जागी ऐकायचं हेड असतं आणि त्याच्या डावीकडे पुसायचं. हे पुसायचं हेड मी काढून टाकलं आणि तिथे दुसऱ्या प्लेअरचं हेड रेकॉर्डिंगसाठी बसवलं. पुसण्याचं नंतर बघू, म्हटलं. (या लेखातला सगळा अनर्थ या एका वाक्यात आहे.) कॅसेटच्या आत फीत हेडवर दाबून धरायला फेल्टचा इवलासा तुकडा असतो, पण फक्त मधल्या खिडकीत. डावीकडे काहीच नाही, फीत हेडसमोरून नमस्कार न करता निघून जाते. मग खुर्चीच्या पायाखालचं फेल्ट कापून तिथे चिकटवलं. ते इतकं जाड झालं की मोटरला धाप लागली आणि गिटारचा प्रत्येक सूर हुंदका देऊन यायला लागला. मोटरच्या बुडाला एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. मी वेग वाढवला. आता हुंदके भराभर यायला लागले. शेवटी फेल्ट ब्लेडनं तासून तासून कागदाइतकं केलं. ती खुर्ची अजून डुगडुगते.

सर्किटबद्दल फार लिहीत नाही, तिथे अजून दुखतं. एवढंच सांगतो की ऐकायच्या हेडमधून जो आवाज येतो तो एक मिलिव्होल्टसुद्धा नसतो. तो कानात सांगितलेल्या गुपितासारखा मोठा करत न्यावा लागतो, आणि वाटेत घरातली प्रत्येक वायर स्वतःची घरघर त्यात मिसळते. रेकॉर्डिंगच्या हेडचे तर लाड वेगळेच. त्याला नुसता आवाज देऊन चालत नाही. सोबत पन्नास हजार ते लाखभर हर्ट्झची, माणसाला ऐकू न येणारी एक लाट पाठराखीण म्हणून पाठवावी लागते, नाहीतर आवाज फाटका उमटतो. ही पाठराखीण जमवायला मला पाच आठवडे लागले. त्या काळात मी घरात कुणाशी काय बोललो ते मला आठवत नाही, पण इतरांना आठवतं.

आणि मग फीत. वेटोळं ठेवायला मी पाच स्क्रूंची, उघडता येणारी एक रिकामी कॅसेट घेतली. फितीसाठी खोक्यातली एक जुनी कॅसेट उचलली. लेबलावरची शाई उडालेली. ती जिथे थांबली होती तिथूनच, मधूनच, वीस सेंटीमीटर कापून घेतली आणि उरलेल्या फितीची टोकं नीट जोडून ती कॅसेट परत खोक्यात ठेवली. म्हणजे मी अगदीच रानटी नाही.

फीत कापायची ती तिरकी, ४५ अंशांत, म्हणजे सांध्यावरून जाताना हेडला ठेच कमी लागते. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. तिची दोन टोकं समोरासमोर आणायची, वरून चिकटपट्टीचा तेवढाच तुकडा लावायचा आणि हे सगळं करताना श्वास घ्यायचा नाही, कारण फीत उडते. पहिला सांधा माझ्या बाहीला जोडला गेला. दुसरा व्यवस्थित झाला, पण वेटोळं कॅसेटच्या बाहेर. तिसरा जमला.

बटण दाबलं. टक्. आणि स्पीकरमधून माझे मामा बोलले.

"थोडक्यात सांगायचं तर, हे सगळं, अगदी सगळं, हिच्यामुळे. आणि..." टक्.

मग चार सेकंद गोधडीखालून कुणीतरी परक्या भाषेत पुटपुटलं. टक्. "थोडक्यात सांगायचं तर, हे सगळं, अगदी सगळं, हिच्यामुळे. आणि..." टक्. परत गोधडी.

पुटपुटण्याचा उलगडा व्हायला रात्र गेली. सांधा जोडताना वेटोळ्याला अर्धा पीळ पडला होता. त्यामुळे एका फेरीला फितीची पुढची बाजू हेडसमोर यायची आणि दुसऱ्या फेरीला पाठ. पाठीमागून ऐकू येत होती ती कॅसेटची दुसरी बाजू, तीही उलटी. पीळ काढला. आता मामा न थांबता, दर सव्वाचार सेकंदांनी, थोडक्यात सांगायला लागले.

बायको धावत आली. मला वाटलं, आवाज कमी करायला सांगेल. पण ती दारातच थबकली.

"अहो, हे मामांचं निवृत्तीचं भाषण! म्हणजे त्यांनी खरंच मामींचं नाव घेतलं होतं!"

इथे थोडा इतिहास लागतो. मामा पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तासभर भाषण केलं. त्यात साहेबांचे आभार होते, शिपायांचे होते, लिफ्टचेही होते. मामींचे नव्हते, असं मामी म्हणतात. होते, असं मामा म्हणतात. तू नेमकी तेव्हा फोन घ्यायला बाहेर गेली होतीस. मी कुठेही गेले नव्हते, असं मामी म्हणतात. या संभाषणाला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतात. ते ऐकायला यंत्र लागत नाही, फक्त दोघांना एका खोलीत बसवायचं.

"ती फीत जपून ठेवा हं," बायको म्हणाली आणि फोनकडे गेली.

मी जपून ठेवणारच होतो. पण आधी गिटार वाजवून बघायचा मोह कुणाला आवरलाय? वाजवली. ०.४२ सेकंदानं सूर परत आला, जरा मऊ, जरा काठ झिजलेला, जुन्या फोटोसारखा. अंगावर काटा आला. आणि त्या सुराच्या खालून, स्पष्ट, "थोडक्यात सांगायचं तर". रेकॉर्डिंगचं हेड केसभर वर बसलं होतं. त्यामुळे मामांचा अर्धाच पट्टा गिटारखाली झाकला जात होता, उरलेला अर्धा बोलत होता. हेड खाली घ्यायला अख्खं यंत्र उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा एक लोहचुंबक लावून फीत आधीच साफ करावी, असा सोपा विचार मी केला.

चुंबक बसवायला मोकळी जागा दिसत होती ती बरोबर दोन हेडांच्या मध्ये. तिथे बसवला. बटण दाबलं. शांतता. मामा नाहीत, गिटार नाही, काही नाही. तीन संध्याकाळी मी एकेक डाख तपासला, वायरी बदलल्या, पाठराखिणीची चौकशी केली. चौथ्या दिवशी चिरंजीव मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाबा, पहिलं हेड लिहितं, मग तुम्ही पुसता, मग दुसरं वाचतं. असंच करायचंय ना?"

चुंबक रेकॉर्डिंगच्या हेडच्या अलीकडे सरकवला. यंत्र उत्तम चाललं. चुंबकानं पुसलं की फितीवर जरा खसखस उरते, पण ती मी सहन करतो. फीत मात्र आता स्वच्छ होती. अगदी स्वच्छ.

त्याच संध्याकाळी कळलं की बायकोनं मामींना फोनवर सगळं सांगितलं होतं आणि रविवारी दोघं ऐकायला येणार होते.

मी मनातल्या मनात हिशेब केला. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये फीत साधारण ८६ मीटर. त्यातली मी कापली वीस सेंटीमीटर. टक्केवारीत सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी. शिवाय "थोडक्यात सांगायचं तर" हे मामा दर दोन मिनिटांनी म्हणतात. कॅसेट तर मुळात १९६३ मध्ये बाजारात आली ती असली बोलणीच टिपून घ्यायला. एवढ्या बोलण्यात एक वाक्य कमी-जास्त. मला बऱ्यापैकी धीर आला.

रविवारी दोघं आले. मामा शर्टाचं वरचं बटण लावून आले होते. मामी पुढच्या खुर्चीत बसल्या, डुगडुगणाऱ्या. मी उरलेली कॅसेट लावली. मामांचा पंचवीस वर्षांनी तरुण आवाज खोलीत भरला. साहेब झाले, शिपाई झाले, लिफ्ट झाली. मामांनी बोट वर केलं: "आता येईल."

"...पस्तीस वर्षं मी निर्धास्त नोकरी केली. घरचं मला काही म्हणजे काही बघावं लागलं नाही," टक्, "आमच्या आवक-जावक विभागामुळे."

टाळ्या पडल्या. फितीवरच्या.

मामींनी मामांकडे पाहिलं नाही. त्यांना गरजही नव्हती. मामा माझ्याकडे वळले. "इथे एक वाक्य होतं."

"होतं," मी म्हणालो. "म्हणजे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. फार सुंदर वाक्य होतं."

"कुठाय ते?"

"या मशीनमध्ये."

"मग लाव की."

"लावता येईल. पण आता ते कोरं आहे."

खोलीत फक्त मोटरची कुरकुर ऐकू येत होती. मग मामी, खुर्ची स्थिर करत, म्हणाल्या, "तो माइक चालतो का रे?"

चालत होता. मी घाईघाईनं तो मामांच्या हातात दिला आणि त्या गडबडीत माझा धक्का प्रतिध्वनी परत पाठवायच्या बटणाला लागला. ते बटण मध्याच्या अलीकडे असलं की आवाज विरत जातो. पलीकडे गेलं की विरत नाही. प्रत्येक खेपेला आधीपेक्षा मोठा होऊन येतो.

मामांनी घसा खाकरला. खाकरणं दोनदा परत आलं. "थोडक्यात सांगायचं तर," ते म्हणाले, मामींकडे बघत, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खरोखर थोडक्यात सांगितलं, "हे सगळं, अगदी सगळं, हिच्यामुळे."

मुळे, म्हणालं यंत्र. मुळे. मुळे. मुळे. काचा थरथरल्या. मुळे! मुळे! शेजारचं कुत्रं उठून बसलं. बायकोनं कानांवर हात ठेवले, चिरंजीवांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं आणि मी बटणाकडे झेप घेतली.

मामींनी माझं मनगट धरलं.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "चालू राहू दे."