पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

सरकारविरुद्ध काही करायचं म्हटलं की बेळगावात आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, मोर्चा आणि बंद. मोर्चा हवाच. सीमालढ्यातले 1956 आणि 1986 चे हुतात्मे आपल्याच गावांतले. पण जनता सार्वभौम आहे, चुकलेल्या सरकारचा कान धरायचा तिला हक्क आहे, हे वाक्य आता भाषणात टाळ्या घेण्यापुरतं उरलंय. हा हक्क कुठल्या कलमाखाली आणि किती दिवसांत वापरायचा, असं विचारलं की कार्यकर्ता नेत्याकडे बघतो आणि नेता वकिलाकडे.

जुलूम दर वेळी लाठी घेऊनच येतो असं नाही. डिसेंबर 2011 मध्ये आपली महापालिका बरखास्त झाली. घटनेचं कलम 243-यू म्हणतं, बरखास्तीनंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्या. मतदान झालं मार्च 2013 मध्ये. पुढे सप्टेंबर 2021 ला मतदान झालं, नगरसेवक निवडून आले, आणि महापौर मिळायला फेब्रुवारी 2023 उजाडलं. तोवर सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या सहीने. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्येच संपली, निवडणूक मात्र वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. इथे सीमाप्रश्नाचा संबंधच नाही. मराठी आणि कन्नड, दोघांचंही मत गिळलं गेलं. यावर बेळगावात एकही कडकडीत बंद झाल्याचं कुणाला आठवतं का?

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेब घटना समितीत म्हणाले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना इतर मार्गांना समर्थन नाही. बरोबर आहे. पण मार्ग बंद आहे हे म्हणायचं असेल तर ते कागदावर दाखवता आलं पाहिजे, आणि आपल्याकडे नेमका तोच कागद नसतो.

निवेदनाचंच बघा. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देताना सात जण एका कागदाचं टोक धरून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. आवक क्रमांक विचारा, कुणाकडेच नाही. निवेदन दोन प्रतींत न्यायचं. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही, चारही हवीत. नुसत्या शिक्क्यावर भागवू नका, तारीख पुसट असते. घेत नाहीत? त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

‘कन्नडमध्ये आणा’ म्हणाले तर घटनेचं कलम 350 दाखवा. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं. कलमाचा आकडा निवेदनाच्या डोक्यावरच लिहावा. पण माहिती अधिकाराला हे लावू नका, तिथे आपली माणसं हमखास फसतात. त्या कायद्याच्या कलम 6(1) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. अभिमानाने मराठीत अर्ज टाकायचा आणि तीस दिवस वाया घालवायचे, यात कसला आलाय लढा? हिंदीत लिहा. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. फी 10 रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

सगळ्यात मोठं नुकसान होतं जमिनीत. राष्ट्रीय महामार्गाचा बायपास असो की रिंग रोड, राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-ए ची, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची, अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस मिळतात. तिचा सारांश दोन स्थानिक पेपरांत येतो, त्यातला एक स्थानिक भाषेतला. आपल्याकडे तो कन्नड असला तर मराठी शेतकऱ्याला कळतं ते थेट जेसीबी बांधावर आल्यावर. हरकत प्रत्येक खातेदाराने वेगळी द्यावी आणि त्यात सुनावणी लेखी मागावी. दोनशे सह्यांचं एकच निवेदन एकाच ओळीत निकाली निघतं. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पिकं, विहीर, पाइपलाइन आणि रस्ता दुसरीकडून कसा नेता येईल, हे लिहा. ‘मोबदला कमी’ हे इथे लिहू नका, त्याची पायरी पुढे 3-जी ला येते. 3-डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची होते. मात्र 3-ए नंतर वर्षभरात 3-डी निघाली नाही तर ती अधिसूचनाच रद्द ठरते (कोर्टाची स्थगिती असेल तर तो काळ वगळून), म्हणून दोन्ही तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तोंडावर जमावबंदी लागते, त्याच वेळी होणाऱ्या मराठी भाषकांच्या महामेळाव्याची परवानगी अडते. हे दरवर्षीचं असताना अर्ज ऐनवेळी का? महिनाभर आधी द्या. फोनवरचा नकार नकार धरू नका, लेखी मागा. तो कागद हातात असेल तरच हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात वेळेत उभं राहता येतं. जमावबंदी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 ची (जुनं कलम 144) असेल तर एका आदेशाची मुदत दोन महिने, फार तर राज्य सरकार ती वाढवू शकतं. तो मागे घ्या म्हणून अर्ज करता येतो, आणि फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. वारंवार असे आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट म्हटलंय.

गावपातळीवर तर याहून सोपं आहे. दहा टक्के मतदारांनी विषय लिहून मागणी केली की विशेष ग्रामसभा बोलवावीच लागते, फक्त दोन विशेष सभांमध्ये तीन महिन्यांचं अंतर हवं. घोळ होतो तो वहीत. हजेरीच्या सह्या आधी घेतल्या जातात, इतिवृत्त नंतर सवडीने लिहिलं जातं, तेही कन्नडमध्ये. सही करण्याआधी कन्नड वाचणाऱ्या एखाद्या पोराकडून ठराव मोठ्याने वाचून घ्या, आणि खाली कोरी जागा सोडलेली असेल तर तिच्यावर रेघ मारूनच सही करा.