उतरंड मोडली तरी मडकी राहतातच

सध्या एक मजकूर ख्रिस्ती मंडळींमध्ये बराच फिरतोय. कुणी तो प्रवचनात वापरतं, कुणी नव्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात. सार असं: येशूनं संस्था काढली नाही, माणसं पाठवली. पहिल्या शतकात ना पदं होती, ना कार्यालय, ना हिशेबाच्या वह्या, तरी सुवार्ता रोमपर्यंत गेली. संस्था आली आणि आत्मा निघून गेला. तेव्हा मिशनरी चळवळ वाढवायची तर अधिकारांची उतरंड मोडा, नेता हा प्रकारच बाद करा, बाकीचं आपोआप होईल. पुरावा म्हणून मोरावियन (अठराव्या शतकात जर्मनीतून जगभर मिशनरी पाठवणारा ख्रिस्ती पंथ), चीनमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी हडसन टेलर आणि चीनमधल्या गृहमंडळ्या, म्हणजे घराघरांत भरणाऱ्या मंडळ्या.

मी काही बिशपच्या खुर्चीचा वकील नाही. उतरंडीशिवाय मिशनरी काम चालतं, चाललेलं आहे, आणि पुष्कळदा उतरंडवाल्यांपेक्षा लांब गेलेलं आहे. मला खुपतो तो त्या मजकुरातला एकच शब्द: आपोआप. एकेक मुद्दा घेऊ.

‘पहिल्या मंडळीत पदं नव्हती, व्यवस्था नव्हती.’

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी काय केलं? ‘आत्मा बघून घेईल’ म्हणून विषय मिटवला नाही. सगळ्यांना बोलावलं, तुमच्यातूनच सात जण निवडा म्हणाले, आणि त्यांच्यावर हात ठेवून काम सोपवलं. निवडले गेलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती वाटप दिलं. पुढे अंत्युखियाच्या मंडळीनं बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना हात ठेवून पाठवलं. ते दोघे मनात आलं म्हणून निघाले नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांनी मंडळीमंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, नेमले. यहुदी नसलेल्या विश्वासूंनी सुंता करावी की नाही हा वाद चिघळला तेव्हा यरुशलेमात बैठक बसली, याकोबानं निर्णय मांडला, आणि तो पत्र लिहून दोन विश्वासू माणसांबरोबर धाडला.

याला आजच्या अर्थानं संस्था म्हणणं मलाही जड जातं. पण निवड, नेमणूक, बैठक, लेखी निर्णय आणि तो पोचवणारी माणसं एवढं सगळं तिथे आहे. नाही ती शिक्षेची भीती. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासूंच्या पंगतीतून मागे सरला, तर पौलानं त्याला तोंडावर सुनावलं आणि पुढे गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. पेत्राला तोंडावर बोलता येत होतं, ही त्या मंडळीची खरी श्रीमंती, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकी तीच गायब आहे.

‘हिशेब संस्थेला लागतात, चळवळीला विश्वास पुरतो.’

पौलानं यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. रक्कम मोठी होती. ती त्यानं एकट्यानं नेली नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, तो कारणासकट सांगतो: तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ देतोय, म्हणजे या पैशांवरून आमच्याकडे कुणी बोट दाखवू नये. प्रभूच्या नजरेत नीट असणं त्याला पुरेसं वाटत नाही, माणसांच्या नजरेतही नीट हवं. हा पौल आहे, एखाद्या ट्रस्टचा हिशेबनीस नव्हे.

त्याहून गमतीचं एक कागद सांगतो. ‘डिडाखे’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, हा ग्रीक मजकूर अभ्यासक साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीला किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ठेवतात. त्याचं हस्तलिखित 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं आणि 1883 साली छापलं गेलं. त्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियम आहेत. आला तर प्रभूसारखं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. आणि कुणाला तुमच्यात कायमचं राहायचं असेल तर त्यानं हाताला काम शोधावं. चार-पाच वाक्यांत आचारसंहिता! हे नियम ज्यांनी लिहिले त्यांनी ‘विश्वास पुरतो’ असं मानून हात पोळून घेतले असणार. नाहीतर तीन दिवसांचा नियम सुचतो कुणाला? त्याच मजकुरात थोडं पुढे बिशप आणि सेवक निवडण्याची सूचनाही आहे.

‘पद काढलं की नेता संपतो, सगळे समान होतात.’

इथे थोडं थांबतो, कारण हा मुद्दा मी अंगावर घेतलेला आहे. काही वर्षं मी एका छोट्या सुवार्ता-गटात होतो. प्रमुख कुणी नाही, खुर्च्या गोलात, प्रत्येकाला बोलायची मुभा. फक्त कुठलाही प्रश्न आला की सगळ्यांची नजर एका ज्येष्ठ बंधूंकडे जायची. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला की समजायचं, हे त्यांना पटलेलं नाही. मग प्रस्ताव मांडणाराच हळूहळू शब्द मागे घ्यायचा. कुणी मत दिलं नाही, कुणी नकार दिला नाही, वहीत काही आलं नाही. सहा महिन्यांत मला चष्म्याची भाषा येऊ लागली, आणि नवीन आलेल्यांना ती येत नाही म्हणून त्यांच्यावर मनातून चिडायलाही लागलो. त्या बंधूंना पायउतार व्हा म्हणायची सोय नव्हती. ते कुठल्या पायरीवर उभेच नव्हते ना!

इतिहासात याचं मोठं रूप एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या ब्रदरन या ख्रिस्ती चळवळीत दिसतं. एक्सेटरचे दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज धंदा सोडून 1829 साली बगदादला निघाले आणि 1833 मध्ये भारतात आले. दीक्षा घेतलेला पाळक नसला तरी विश्वासूंनी एकत्र भाकर मोडावी, हा विचार मांडणाऱ्यांतले ते आरंभीचे. या चळवळीत पाळकवर्ग नाही, मुख्यालय नाही, अध्यक्ष नाही. तरीही 1848 साली चळवळीतले वजनदार उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी एक परिपत्रक काढलं: ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंडळीशी सहभागिता तोडा. ती मंडळी जॉर्ज म्युलर आणि हेन्री क्रेक यांची. डार्बींकडे कुठलंच पद नव्हतं. पण त्या एका पत्रावरून देशोदेशींच्या सभा दुभंगल्या, आणि खुले ब्रदरन व बंदिस्त ब्रदरन हा भेद तिथून पक्का झाला. बिशपनं असं पत्र काढलं असतं तर त्याच्यावर निदान अपील तरी करता आलं असतं. ग्रोव्ह्जनी डार्बींना या वळणाबद्दल 1836 सालीच पत्रातून सावध केलं होतं, हे वाचताना वाईट वाटतं.

क्वेकरांची, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडात उभ्या राहिलेल्या पाळकाविना चालणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, गोष्ट याच जातीची, फक्त तिथे शहाणपण लवकर आलं. जेम्स नेलर आणि जॉर्ज फॉक्स हे आरंभीचे दोन मोठे प्रचारक. 1656 च्या सप्टेंबरमध्ये नेलर एक्सेटरच्या तुरुंगात होते, दोघांत बेबनाव झालेला. फॉक्स भेटायला आले. नेलर शांतीचं चुंबन द्यायला पुढे सरले, तर फॉक्सनी पाऊल पुढे केलं. कुणापुढे टोपीसुद्धा न काढणाऱ्या चळवळीतला हा प्रसंग. पुढच्याच महिन्यात सुटलेले नेलर घोड्यावर बसून भर पावसात ब्रिस्टलमध्ये शिरले, सोबतचे लोक ‘पवित्र, पवित्र’ गात होते. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची ती नक्कल पार्लमेंटनं ईश्वरनिंदा ठरवली. फटके, जिभेला भोक आणि कपाळावर डाग अशी शिक्षा झाली. अडवायचं कुणी, कसं, हे चळवळीत ठरलेलंच नव्हतं. त्यानंतरच्या दशकात फॉक्स गावोगाव फिरून मासिक सभा बसवत गेले.

त्या सभांची रीत बघण्यासारखी आहे. मतदान नाही. विषय मांडला जातो, लोक बोलतात, मध्ये शांतता. सभेचा लेखनिक सभेचा कल काय दिसतो ते कागदावर उतरवतो आणि बैठक उठण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवतो. ‘असं ठरलेलं नाही’ असं कुणी म्हणालं तर मजकूर बदलतो किंवा विषय पुढच्या सभेवर जातो. लेखनिक आज एक, उद्या दुसरा. वरचं कुणी नाही, पण काय ठरलं आणि कुणासमोर ठरलं ते लिहिलेलं आहे. आमच्या गटात अशी एक वही असती तर चष्म्याला एवढा भाव आला नसता.

आणि पैसा? त्याच क्वेकरांत मार्गारेट फेल यांनी 1654 मध्येच केंडल निधी सुरू केला होता. फिरत्या प्रचारकांचे कपडे, प्रवास, तुरुंगातला खर्च त्यातून भागायचा. चळवळ दोन-तीन वर्षांची, पण निधी आधीच आलेला.

‘मोरावियन बघा, साधी माणसं, ना पद ना अधिकार.’

साधी माणसं होती, हे शंभर टक्के खरं. 1732 मध्ये हेर्नहुट या जर्मनीतल्या त्यांच्या वसाहतीहून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघालेल्या पहिल्या दोघांत लेओनार्ड डोबर कुंभार आणि डेव्हिड निट्शमान सुतार. मजकूर इथे थांबतो. पुढे काय झालं? निट्शमान 1735 साली बिशप झाले. डोबर मुख्य वडील झाले. ज्यांच्या जमिनीवर ती वसाहत होती ते काउंट त्झिंझेनडॉर्फ 1737 साली बिशप झाले. आणि हेर्नहुटमध्ये 1727 पासून एक लेखी बंधुकरार होता, रहिवाशांनी मान्य केलेला.

एक मात्र कबूल करायला हवं. 1741 मध्ये लंडनच्या बैठकीत डोबर यांनी मुख्य वडीलपद सोडलं, आणि त्या जागी माणूस न नेमता ते पद ख्रिस्ताचंच असं ठरलं. कल्पना सुंदर आहे. मला अजूनही भुरळ घालते. पण रिकाम्या खुर्चीमुळे अधिकार नाहीसा झाला नाही, तो काउंटकडे साचत गेला. श्रद्धाळू, उदार, स्वतःची संपत्ती ओतणारा माणूस, आणि त्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी नाही. 1760 साली ते वारले तेव्हा मंडळीच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं. ते फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

‘चीनमध्ये संस्था गेली आणि चळवळ फोफावली.’

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनऱ्यांना चीन सोडावा लागला आणि त्यानंतरच्या दशकांत गृहमंडळ्या प्रचंड वाढल्या, यात वाद नाही. पण संस्था गेल्या म्हणजे नेतृत्व गेलं हा निष्कर्ष कुठून आला? हेनान प्रांतातल्या फांगचेंग आणि तांगहे इथून जी जाळी पसरली त्यांत प्रशिक्षण होतं, पाठवणी होती, प्रदेशांची वाटणी होती. 1998 मध्ये काही जाळ्यांच्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून विश्वासाचा जाहीरनामा लिहिला. 2002 मध्ये एका कडव्या पंथानं तांगहेच्या जाळ्यातल्या 34 पुढाऱ्यांना फसवून ओलीस ठेवलं. पुढारीच नव्हते तर ओलीस कोण होते?

रोलंड अ‍ॅलन यांचं नावही या संदर्भात सर्रास घेतलं जातं, त्यांच्या 1912 च्या पुस्तकासकट. एवढंच सांगतो: अ‍ॅलन अँग्लिकन याजक होते, बिशप आणि संस्कार मानणारे. त्यांचा आग्रह होता की परदेशी मिशनऱ्यानं लगाम धरून बसू नये, स्थानिक माणसांना लवकर दीक्षा द्यावी. म्हणजे पदं द्या, आणि लवकर द्या!

‘नेता गेला तरी अशी चळवळ चालू राहते.’

नारायण वामन टिळक 1917 साली अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा देणारा बंधुभाव, मिशनच्या चौकटीबाहेर. यापेक्षा मोकळी कल्पना मला ठाऊक नाही. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. हाती जेमतेम दोन वर्षं मिळाली होती, आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. अभंग राहिले. दोष टिळकांचा नाही. पण ‘आपोआप’ म्हणणाऱ्यांनी या दोन वर्षांकडे बघावं.

हडसन टेलर यांना वेळ मिळाला. 1865 साली त्यांनी चायना इनलँड मिशन सुरू केलं तेव्हा ठरलेला पगार नाही, पैशासाठी हात पसरायचा नाही, आणि निर्णय लंडनमध्ये न होता चीनमध्ये, कामाच्या जागी. उतरंडीच्या विरोधकांना हे सगळं आवडतं, मलाही. मात्र चीनमधले निर्णय घेणारे संचालक स्वतः टेलरच होते, हे सांगायचं राहून जातं. 1886 मध्ये त्यांनी चीनमध्ये सल्लागार मंडळ बसवलं आणि कामाच्या रीतीची पुस्तिका काढली, तेव्हा लंडनच्या मंडळाशी वर्षानुवर्षं खटके उडाले. टेलर थकले तसा कारभार डिक्सन होस्ट यांच्याकडे आला, आधी हंगामी आणि मग कायमचा. 1905 च्या जून महिन्यात टेलर चांगशा शहरात वारले. त्या दिवशी ते मिशनचे संचालक नव्हते. ते पद सोडून त्यांना दोन-अडीच वर्षं झाली होती.