कोर्स पूर्ण करायचा, पण टाच दुखू लागली तर?

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना छातीतल्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लिहून दिल्या. वडिलांचे वय 68, आणि दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आधीपासून चालू. चौथ्या दिवशी उजव्या टाचेच्या वर दुखू लागले. वयाचे दुखणे समजून त्यांनी तिथे तेल चोळले आणि गोळ्या वेळच्या वेळी घेत राहिले, कारण अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, हे आम्ही मुलांनीच त्यांना वर्षानुवर्षे बजावले होते. सहाव्या दिवशी जिना उतरताना मागून कुणीतरी काठी मारावी तसे त्यांना वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा तुटली होती.

हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे, पण अज्ञात मुळीच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांवर कंडरा सुजण्या-तुटण्याचा ठळक चौकटीतला इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2008 मध्येच दिला. साठीच्या पुढचे वय आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका वाढतो, हेही त्यात आहे. वडिलांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी होत्या आणि दोन्ही केसपेपरवर लिहिलेल्या होत्या. 2016 मध्ये तर त्याच नियामकांनी सांगितले की सायनसचा संसर्ग, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा दुखण्यांत दुसरा पर्याय असेल तर ही औषधे देऊ नयेत.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. न्यूमोनियात किंवा रक्तात जंतू पसरल्यावर ही औषधेच माणसाला वाचवतात. माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे. जेंटामायसिन या दुसऱ्या एका अँटिबायोटिकने कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत. कोर्स संपून काही आठवडे उलटल्यावर सुरू झालेले जुलाब क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसील या जंतूमुळे असू शकतात, आणि तेव्हा त्या जुन्या गोळ्यांची आठवणही कुणाला राहिलेली नसते. फ्लुरोक्विनोलोनमुळे हातापायांना मुंग्या येतात, मधुमेहींची साखर एकदम उतरते. रुग्णाला ही सगळी यादी नको असते. त्याच्या औषधात कोणते लक्षण दिसताच फोन करायचा, एवढे एक वाक्य चिठ्ठी देताना सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला त्या वाक्याशिवाय दिला, तर आज्ञाधारक रुग्णच सर्वांत जास्त सोसतो.

वडील आता सावकाश का होईना, चालतात. परवा त्यांनी मला विचारले, “चौथ्या दिवशी नुसत्या टाचदुखीसाठी फोन केला असता, तर डॉक्टर रागावले नसते ना रे?”