डोहाळजेवणाचे ताट आणि रोजचे ताट

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांत डोहाळजेवण अजूनही हौसेने होते आणि ते व्हावेच. माझा आग्रह आहे तो त्याच सुनेच्या रोजच्या ताटाबद्दल, ज्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी भरणारे बाळ कमी वजनाचे मानले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळे अशी होती, आणि निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय होता. मुदतपूर्व प्रसूती, जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब अशीही कारणे असतात, त्यामुळे बाळ लहान झाले म्हणून आईला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. पण आहार हे कारण घराच्या हातातले आहे.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. बाळाच्या आकाराचा संबंध आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी अधिक आढळला. म्हणजे मेथी, पालक, चाकवत, पेरू या आपल्या मंडईतल्याच गोष्टी, ज्या घरातल्या सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणाऱ्या सुनेपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाहीत.

"सातव्यानंतर बेताने खा, बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल," हा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो, तरी तो मला सर्वांत घातक वाटतो. गर्भाचे वजन झपाट्याने वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांतच. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा ज्या स्त्रियांना ती गरोदरपणाच्या अखेरीस सोसावी लागली, त्यांच्या बाळांची वजने स्पष्टपणे घटली. मोठ्या बाळाची शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी; सुनेची पोळी कमी करू नये.

लोहाच्या गोळीबद्दलही सांगायला हवे. सकाळच्या पोह्यांबरोबरच्या चहासोबत ती घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, आणि कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत घेऊ नये. पोह्यांवर लिंबू मात्र अवश्य पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अधिक शोषले जाते. आणि हिमोग्लोबिनची तपासणी दिवस राहण्याची वाट न पाहता, लग्न ठरल्यावरच करून घेता आली तर फार बरे, कारण मुरलेला रक्तक्षय भरून यायला काही महिने लागतात.