ओल्ड मॅनचे कपडे वेगळे

"कपडे अलग, अंकल," कॅम्पातला तो पोरगा म्हणाला, आणि आपण भर रस्त्यात एका नागड्या म्हाताऱ्याचा भाव करत उभे आहोत, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

बेळगावबाहेरच्यांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला 'ओल्ड मॅन' जाळतात. सरलेलं वर्ष म्हणजे हा म्हातारा. आत गवत आणि काठ्या, वरून जुने कपडे, तोंडाला मुखवटा, ओठात सिगारेट आणि घरात हौशी पोरं असली तर पोटात फटाके. ही चाल कॅम्पातली, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातली. आता गावात सगळीकडंच पोरं जाळतात. नाताळ झाला की कॅम्पात रस्त्याच्या कडेला विकायचे म्हातारे ओळीनं उभे राहतात. लांबून बघावं तर बँकेसमोर पेन्शनीची रांग लागलीय असं वाटतं.

लहानपणी आम्ही ओल्ड मॅन विकत कधी आणला नाही. गवत येळ्ळूरच्या मामाकडचं, गोणपाट रेशनच्या तांदळाचं, आणि पॅन्ट कुणाच्या तरी दोरीवरची. पण आता मी नोकरदार माणूस. माझ्याकडं वेळ नाही आणि मामाकडचं गवत म्हशीला पुरत नाही.

मुळात हे सगळं सुरू झालं ते बायकोमुळं. ती पुण्याची. मुलांना नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "आपल्या घराला आपल्या अशा काही परंपराच नाहीत." मी विचार केला. रविवारी मी अकरा वाजता आंघोळ करतो, ही परंपरा मी सांगितली. ती तिनं मोजली नाही. सकाळी फ्रिजवर कागद लागला होता: केक, वीरसौध, गोकाक, ओल्ड मॅन, संकल्प. प्रत्येकापुढं तारीख, आणि कोपऱ्यात लाल शाईनं 'मोबाईल बंद'. तो कागद तिनं मोबाईलवरच्या कसल्याशा व्हिडिओवरून उतरवून घेतला होता, हे मी बोललो नाही. दहा वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय.

परंपरेची पहिली बचत आकाशकंदिलात झाली. दिवाळीचा कंदील मी उतरवलेलाच नव्हता. त्याला नाताळचा तारा म्हणून बढती मिळाली. नोव्हेंबरभर "तो कंदील कधी काढणार?" म्हणून ऐकून घेतलं होतं, शेवटी आळसाला न्याय मिळाला. केकचं म्हणाल तर आईनं "अंड्याचा नको" एवढी एकच अट घातली, आणि अंड्याविना आणलेला केक इतका कोरडा निघाला की तो सगळ्यांनी कुंद्याला, म्हणजे आमच्या इथल्या दुधाच्या मिठाईला, लावून खाल्ला. बेळगावात कुठलाही प्रश्न सुटत नसला की त्याला कुंदा लावतात.

वीरसौध बघायची कल्पना माझी. ते इथल्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. डिसेंबर १९२४ मध्ये, २६ आणि २७ तारखेला, टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. दरवर्षी २६ तारखेला मुलांना हे दाखवायचं, असं मी ठरवलं. विहिरीच्या कठड्याशी उभा राहून मी लेकीला म्हणालो, "याच महिन्यात, याच थंडीत, गांधीजी अंगावर नुसता पंचा घेऊन इथं फिरले." तिसरीतली लेक माझ्याकडं बघत राहिली. मी स्वेटर घातला होता, त्यावर जर्किन, गळ्याला मफलर. "मग तुम्ही का नाही फिरत?" तिनं विचारलं. इतिहासाचा तास तिथंच सुटला.

गोकाकचं मात्र सांगायला हवं. बायकोचा भाऊ सहकुटुंब गोव्याला निघाला होता. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला बेळगावात आमची आठवण येते, आणि ती बहुतेक जेवणाच्या वेळेला येते. या वेळी तो म्हणाला, "एक दिवस थांबतो, तुमचा तो धबधबा बघू." मी सांगायचा प्रयत्न केला की घटप्रभा तिथं १७१ फुटांवरून कोसळते खरी, पण पावसाळ्यात, डिसेंबरात ती कोसळायच्या मनःस्थितीत नसते. ऐकतो कोण! साठेक किलोमीटर जाऊन आम्ही नऊ जणांनी एक भलामोठा काळा कातळ पाहिला. कडेनं आमच्या बाथरूमच्या गळक्या नळासारखी एक धार उतरत होती. मेहुण्यानं त्या धारेसमोर उभं राहून फोटो काढला आणि 'थंडरिंग गोकाक फॉल्स' असं लिहून सगळ्यांना पाठवला. धाकट्यानं विचारलं, "बाबा, पाणी कुठंय?" तेवढ्यात माकडानं त्याच्या हातातला करदंट, म्हणजे गोकाकची डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, पळवला, आणि पाण्याचा विषय आपोआप मिटला. परतताना गाडीत तो रडत होता तो करदंटासाठी. माझ्या मते सहलीचा हेतू सफल झाला.

तर, आता पुन्हा कॅम्प.

"नुसती बॉडी आठशे," पोरगा म्हणाला. मी चारशे म्हटलं. त्यानं म्हाताऱ्याच्या बरगड्या दाबून दाखवल्या. आत गवत कसं ठासून भरलंय बघा म्हणाला. मीही भाजीवाल्याकडं दुधी दाबावा तसं म्हाताऱ्याचं पोट दाबून पाहिलं. शेवटी साडेपाचशेला सौदा झाला. मुखवटा त्यात आला, सिगारेट त्यानं स्वतःच्या पाकिटातली दिली. कपडे तेवढे घरचे घालायचे.

आता हा पाच फुटी म्हातारा टिळकवाडीला न्यायचा कसा? रिक्षावाल्यानं त्याचं वेगळं भाडं मागितलं. मग मी त्याला स्कूटरवर मागं बसवला, त्याचे हात माझ्या पोटाभोवती घेतले आणि सुतळीनं बांधले. गोणपाट मानेला टोचत होतं. काँग्रेस रोडला लोक वळून वळून बघत होते. एका बाईनं हात जोडले. मला की त्याला, कळलं नाही.

पहिल्या रेल्वे गेटजवळ शिट्टी वाजली.

पोलीस जवळ आला. आमच्या राज्यात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, हे मी विसरलो नव्हतो. पण मागं बसणाऱ्याची व्याख्या काय, हा प्रश्न मला पडला नव्हता. "हिंद कूतावंगं हेल्मेट यल्ली?" त्यानं विचारलं. संध्याकाळची वेळ, त्यातून म्हाताऱ्यानं मान माझ्या खांद्यावर टाकलेली. माझं कन्नड भाजीमंडईपुरतं. दर विचारता येतो, जास्त झाला म्हणता येतं, त्यापुढं गाडी जात नाही. 'हा माणूस नाही' हे कसं सांगायचं ते सुचेना. मी म्हाताऱ्याच्या मांडीतलं मूठभर गवत उपसलं आणि त्याच्यापुढं धरलं. "हुल्ल, सार. हुल्ल ऐती."

त्यानं गवत बघितलं, मुखवटा बघितला, मग टॉर्च मारून माझा चेहरा बघितला, आणि असा हसला की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या विसरल्या. पावती केली नाही. "होगरी, होगरी," म्हणत त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी कपड्यांचा प्रश्न निघाला आणि बायकोचा चेहरा उजळला. लग्नापासून ती ज्या वस्तूंच्या मागं होती त्या सगळ्या पाच मिनिटांत बाहेर आल्या. माझी खाकी पॅन्ट. माझा चौकड्यांचा शर्ट, ज्याची कॉलर तिच्या मते मेली होती आणि माझ्या मते नुसती थकली होती. "हा मी अजून घालतो!" मी म्हणालो. "म्हणूनच," ती म्हणाली. लेकीनं वर माळ्यावरून एक तपकिरी स्वेटर आणि कानटोपी शोधून आणली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात ओढून बसवली. धाकट्यानं त्याच्या तोंडातली सिगारेट काढून चकली कोंबली. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत त्याला बसवलं आणि दार लोटून आम्ही जेवायला गेलो.

पावणेबाराला गल्ली भरली. चार घरांचे चार ओल्ड मॅन रस्त्यावर उभे, पाचवा आमचा आणायचा होता. मी काडेपेटी घेऊन व्हरांड्यात गेलो, तर आई तिथं शाल लपेटून उभी. काही न बोलता ती खुर्चीकडं बघत होती. तपकिरी स्वेटर. कानटोपी एका बाजूला कलंडलेली, चौकड्यांचा शर्ट, पाय किंचित पसरलेले. अप्पांचा स्वेटर तो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. थंडीत अप्पा याच खुर्चीत असेच बसायचे, पेपर वाचता वाचता डुलकी काढत.

"काय करूलास तू?" आईनं विचारलं.

"जाळायला नेतोय," मी म्हणालो, आणि म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

"सुम्मे बस," आई म्हणाली. "आमच्या माणसाला थंडीत बाहेर काढतोस होय?"

मग काय करणार? गल्लीतले चार म्हातारे धडाधड फुटले, पोरं नाचली, कुणीतरी 'हॅपी न्यू इयर' म्हणून माझ्या डोळ्यात फेस उडवला, आणि आमचं जुनं वर्ष आतल्या दिव्याच्या उजेडात खुर्चीत आरामात बसून सगळं बघत राहिलं. चकलीसुद्धा पडली नाही.

एक तारखेला संकल्प. कागदावर चार रकाने होते. बायकोनं स्वतःपुढं काहीच लिहिलं नाही. तिला सुधारायला घरात पुरेशी माणसं आहेत. माझ्या रकान्यात तिनं रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरणं लिहिलं. लेकीनं खाली जोडलं: 'बाबांनी कन्नड शिकणे. रोज पाच शब्द. मी परीक्षा घेणार.' गेटावरची गोष्ट मी तिला सांगायला नको होती. धाकट्यानं आपल्या रकान्यात माकड काढलं. आईनं "या वयात कसले संकल्प" म्हणत पेन खाली ठेवलं, आणि मग जाता जाता म्हणाली, "त्या खुर्चीतल्याला ऊन लागूलंय, जरा आत सारा."

पुढचे बारा दिवस आमच्या घरात एक माणूस जास्त होता. दूधवाला रोज त्याला नमस्कार करायचा. वीज बिल वाचायला आलेल्यानं दोनदा "मालक, मीटर कुठंय?" विचारलं आणि उत्तर न मिळाल्यानं रागावून गेला. गोव्याहून परतताना पुन्हा जेवायला थांबलेला मेहुणा अंधारात त्याच्या पाया पडला. तो आजतागायत ते मान्य करत नाही. पहाटे मी फिरायला न जाता परत पांघरुणात शिरताना तो खिडकीतून माझ्याकडं बघतोय असं वाटायचं. अप्पाही असंच बघायचे.

भोगीला येळ्ळूरचा मामा पोतंभर ओला हरभरा आणि वाटाणा घेऊन आला. त्यानं खुर्चीकडं बघितलं, पोट दाबून बघितलं. "चांगलं भरलंय की गा. मला दे. पाखरं ऐकना गेल्यात शिवारात. स्वेटर तेवढा काढून घे."

आईनं स्वेटर आणि कानटोपी काढून घेतली, घडी करून परत माळ्यावर ठेवली. शर्ट मी मागत होतो. तो कुणी दिला नाही. मामाच्या गाडीवर पिशव्या होत्या, तेव्हा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. पुन्हा स्कूटर, पुन्हा सुतळी, पुन्हा पोटाभोवती हात. मी निघणार तेवढ्यात लेक पळत आली. "बाबा, मागच्याला हेल्मेट!" घरात हेल्मेटं दोन. त्यातलं एक बायको ऑफिसला घेऊन गेली होती. उरलेलं लेकीनं म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलं, पट्टा नीट लावला, दोनदा ओढून बघितला. मलाही बरं वाटलं. मागच्या वेळची चूक सुधारली म्हणून मी निर्धास्त निघालो.

तिसऱ्या गेटजवळ शिट्टी वाजली. तोच पोलीस. तो पुढं आला, म्हाताऱ्याच्या हेल्मेटवर बोटानं टकटक केली, मान डोलावली, आणि खिशातून पावतीचं यंत्र काढत माझ्या उघड्या डोक्याकडं बघून म्हणाला, "अवंगं ऐती. निमगं यल्ली?"

नव्या वर्षात हे पहिलंच कन्नड वाक्य, जे मला एका झटक्यात कळलं.