‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी डोळ्यांच्या बाहुल्या बघा

‘व्यसनी पेशंटशी कडकच वागा. दुखतंय म्हणाला तरी इंजेक्शन नको, त्याला नशा हवी असते. मेथाडोन म्हणजे नशेला नशाच. चार दिवस हाल झाले की आपोआप सुधारतो.’ कुणा अनुभवी सिस्टरच्या नावाने फिरणारा हा मेसेज आता नुकत्याच ड्युटीवर लागलेल्या मुली एकमेकींना ‘टिप्स’ म्हणून पाठवतायत. म्हणून बोलणं भाग आहे.

आधी इंजेक्शन, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. मेथाडोन म्हणजे ओपिऑइडचं (अफू, हेरॉइनसारख्या नशेचं) व्यसन सुटावं म्हणून रोज दिलं जाणारं औषध. त्यावरच्या पेशंटचं ऑपरेशन झालं, की रोजच्या डोसमध्येच वेदनाशामक आलं असं धरून चालतात. तो डोस विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, 24 ते 48 तास थोपवतो; दुखणं जेमतेम 4 ते 8 तास दबतं. त्यात शरीर ओपिऑइडला सरावलेलं, नेहमीच्या मात्रेने भागत नाही. म्हणून रोजचा डोस चालू ठेवायचा, वेदनेचं औषध वेगळं, ठरल्या वेळी द्यायचं आणि कमी पडलं तर डॉक्टरांना कळवायचं. ‘मागेल तेव्हा बघू’ म्हटलं की तो सारखा मागणार, आणि तेच मागणं पुन्हा व्यसनाच्या खाती जमा!

विथड्रॉवलचं सोंग वाटतंय? काऊज स्केल (COWS, ओपिऑइड विथड्रॉवलची लक्षणं मोजायचा तक्ता) काढा. मिनिटभर बसवून नाडी मोजा, खोलीतल्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या बघा, जांभया मोजा, हात पुढे करायला सांगून थरथर बघा. मळमळ खोटी सांगता येते, अंगावर काटा हुकमी आणता येत नाही.

‘हाल झाले की सुधारतो’ हे दारूच्या बाबतीत थेट जिवावर बेततं. शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत डिलिरियम, म्हणजे भ्रम. तिथे बेंझोडायझेपिन (झटके रोखणारं, शांत करणारं औषध) आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) लागतं, दरारा नाही. ओपिऑइडवाला वैतागून सही करून निघून गेला, तर उतरलेल्या सवयीवर जुना डोस घेतो आणि श्वास थांबतो.

राहिलं ‘नशेला नशाच’. मेथाडोन 2005पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पुरे.

हो, काही जण खोटं बोलतात, शिव्या देतात, कधी उशीखाली माल सापडतो. 2013च्या 28 अभ्यासांच्या आढाव्यातही कर्मचाऱ्यांनी हिंसा, फसवणूक, अपुरं प्रशिक्षण हीच गाऱ्हाणी मांडलीत. पण त्याच आढाव्यात हेही आहे, की आपल्या आकसाने उपचारांचे निकाल बिघडतात. कपाटाला कुलूप जरूर लावा; टोमणा औषधाच्या चार्टवर नसतो.

आणि ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये ‘बेड नऊ, ॲडिक्ट आहे, जपून’ एवढंच नको. ‘मेथाडोन सकाळी 8ला दिलं, वेदना दहापैकी 7, पुढचं औषध 2 वाजता’ असं सांगा.