पंधरा मिनिटांचं चिकन

मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. आमच्या कोपऱ्यावरच्या गाडेवाल्यानं ती दोन दिवसांत पचवली. लालभडक मंचुरियन तपकिरी झालं आणि गर्दी होती तेवढीच राहिली. आमच्या घरात मात्र ती बंदी आजतागायत पचलेली नाही.

बायकोनं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, तिथं बिघडलं. त्यात रोडामाइन-बी असं एक नाव आलं आणि हा रंग कापडाला वापरतात असंही आलं. आईचं माहेर इथलंच, बेळगावच्या वडगावचं, घरात माग होते. कापडाचा रंग म्हटल्यावर तिनं कान टवकारले. "म्हणजे साडीचा रंग पोरांच्या पोटात घालतात होय? साडी तरी धुता येती. हे कसं धुवायचं?" आणि नातवाच्या पोटाकडं तिनं अशा नजरेनं बघितलं, की आता त्याला पिळून दांडीवर वाळत घालते की काय, असं वाटलं. चायनीजचा गाडा बंद. त्याच्या थोडं आधी म्हापशाच्या पालिकेनं गोबी मंचुरियनच बंद केलं होतं, तेव्हा गोव्यात जाऊन खायचीही पळवाट उरली नव्हती.

चिरंजीव दहावीत. दोन रविवार त्यानं ताटातला रस्सा-भात असा चिवडला, की आईला वाटलं पोराला कुणाची तरी नजर लागली. तिसऱ्या रविवारी माझ्या तोंडून गेलं, "त्यात काय एवढं? घरी करू की. पंधरा मिनिटांचं काम."

पंधरा मिनिटं हा आकडा माझा नव्हे, मोबाईलमधल्या बाईंचा. त्यांच्या ओट्यावर सतरा वाट्या ओळीनं मांडलेल्या असतात; कुणीतरी चिरलेलं, सोललेलं, मोजलेलं. बाई एकेक वाटी उपडी करतात आणि हसतात. त्या सतरा वाट्या भरल्या कुणी, हे त्या शेवटपर्यंत सांगत नाहीत.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामाची नोंद ठेवणं एवढंच मला येतं, म्हणून नोंद चोख ठेवली. सुरुवात : रविवार, सकाळी 8.40.

चिकनवाल्याकडं रविवारची रांग. माझा नंबर आला तेव्हा त्यानं सुरी न थांबवता विचारलं, "सुक्क्याला की रस्स्याला?" या प्रश्नाला तिसरं उत्तर असू शकतं हे त्या दुकानाला ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, "चायनीजला. बोनलेस. मांडीचं. एक किलो." मागच्या सगळ्या रांगेनं माझ्याकडं बघितलं. हाडं काढून द्यायला त्यानं वीस मिनिटं घेतली आणि जाताना ती हाडं वेगळ्या पिशवीत बांधून दिली. "आईंना द्या. त्यांचा रस्सा तरी होईल." माणूस दूरदृष्टीचा.

तिथून गणपत गल्लीत. आमचं घर शहापुरात. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं. संस्थानं जाऊन इतकी वर्षं झाली तरी आई बाजाराला निघाली, की "बेळगावला जाऊन येतो" म्हणते. असो. भाजीवाली खेड्याकडची दिसली म्हणून मी माझं ठेवणीतलं कन्नड काढलं. "उळ्ळागड्डी तप्पल?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पातीचा कांदा म्हणा की, दादा. वीसला दोन जुड्या." पातीचा कांदा, ढबू मिरची, कोबी, गाजर. सॉसच्या दुकानात लाइट सोया आणि डार्क सोया अशा दोन बाटल्या मागितल्या. लाइट चवीला, खारटपणाला, डार्क रंगाला. दुकानदारानं दोन्ही उजेडात धरल्या. "दोन्ही काळंच की हो." तरी दोन्ही घेतल्या. घरी आलो तेव्हा 10.50 झाले होते आणि पंधरा मिनिटं अजून सुरूही व्हायची होती.

चिकनचे पातळ काप करायचे, तेही धाग्याच्या आडवे. मग त्याला सोया सॉस, अंड्याचं पांढरं, कॉर्नफ्लोअर आणि चमचाभर तेल चोळून ठेवायचं. यानं मांसावर एक पातळ आवरण बसतं, आतलं पाणी आत राहतं आणि तुकडा गाड्यावरच्यासारखा लुसलुशीत होतो. हे मी आईला नीट समजावलं. तिनं भांड्यात डोकावून बघितलं. बोटांना फेस आला होता.

"चिकनला साबण लावुलास काय रे?"

"अंडं आहे ते, आई."

"कोंबडीला अंडं चोळतात. शिव शिव."

वीस मिनिटं मुरू द्यायचं. म्हणजे पंधरा मिनिटांच्या पदार्थात वीस मिनिटं नुसती मुरण्याची. हा हिशेब आमच्या ऑडिटरनं एका मिनिटात नापास केला असता.

पुढं मात्र आईचे विजय सुरू झाले. फ्राइड राइसला कालचा भात लागतो, ताज्या भाताचा लगदा होतो, असं मी वाचून दाखवलं. "शिळा भात? पुस्तकात लिवलंय?" तिचा चेहरा उजळला. गेली चाळीस वर्षं ती शिळ्या भाताला फोडणी देते आणि आम्ही नाकं मुरडतो. तेल कुठलं? तर दक्षिण चीनमध्ये, कँटनकडं शेंगदाणा तेल चालतं. आमच्याकडं घाण्याचा डबा होताच. मग मी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरायला घेतली, तेव्हा ती स्टूल ओढून शेजारीच बसली. "ह्यात चायनाचं काय हाय मग?"

प्रश्न बिनतोड होता. मंचुरियनची गोष्ट अशी सांगतात, की कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वँग या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 1975 साली ते पहिल्यांदा केलं. आलं-लसूण-मिरचीची आपलीच फोडणी. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. म्हणजे जो पदार्थ आम्ही चीनचा म्हणून खात होतो, तो चर्चगेटचा निघाला. आई म्हणाली, "तरीच वास वळखीचा येतोय."

आता शेगडी. आमच्या शेगडीला दोन बर्नर, एक मोठा आणि एक धाकटा. मोठ्यावर 11.30 पासून हाडांचा रस्सा रटरटत होता. मी म्हणालो, "आई, मला मोठी आच लागणार आहे." ती म्हणाली, "तुझं बिघडलं तर पोरं काय खाणार? तू बारक्यावर कर की." मोठ्या बर्नरचा ताबा कुणाकडं, यावर आमच्या घरात सीमावादातल्यासारखा महाजन आयोग नेमला असता तरी निकाल तिच्याच बाजूनं लागला असता. मी बारक्यावर गेलो.

भांडं म्हणून लग्नाच्या वाढदिवसाचा नॉनस्टिक पॅन. त्याला कडक तापवायचं नाही, अशी बायकोची ताकीद. म्हणजे ज्या पदार्थाचा जीव आगीत आहे तो मी बारक्या बर्नरवर, न तापवायच्या भांड्यात करायला घेतला होता. चिकन टाकलं. 'चर्र' असा आवाज यायला हवा होता. 'फुस्स' आला. अर्ध्या मिनिटात तुकड्यांनी पाणी सोडलं आणि त्या पाण्यात ते निवांत पोहायला लागले. रंग पांढरा नाही, तपकिरी नाही; पावसाळ्यात न वाळलेल्या बनियनचा असतो तो. मी भाज्या टाकल्या, त्यांनीही आपलं पाणी सोडलं. मग कॉर्नफ्लोअरचं पाणी. ते ओतायच्या आधी पुन्हा ढवळायचं असतं. मी ढवळलं नाही. वरचं नितळ पाणी आधी गेलं, आणि तळाशी बसलेला पांढरा गोळा शेवटी 'डुबुक्' करून मधोमध पडला. तो फोडेपर्यंत त्याचं रबर झालं होतं.

चिरंजीवांनी एक घास खाल्ला. पोरगं सभ्य आहे. म्हणालं, "पप्पा, आजारी माणसाला चांगलं आहे."

1.05 वाजता आईनं रस्सा-भात जेवून घेतला.

मी परसात जाऊन आमच्या फौंड्रीतल्या मेल्टरला फोन लावला. सगळे त्याला मामा म्हणतात. तीस वर्षं भट्टीपुढं उभा असलेला माणूस, लोखंडाचा नुसता रंग बघून ताव सांगतो. मी सगळं वर्णन केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि डॉक्टरसारखं दोन शब्दांत निदान केलं.

"कोल्ड शट, साहेब."

साच्यात दोन बाजूंनी आलेलं लोखंड पुरेसं तापलेलं नसलं तर ते एकमेकांत मिसळत नाही, मध्ये शीर राहते आणि माल बाद होतो. त्याला कोल्ड शट म्हणतात. रिजेक्शनच्या रजिस्टरात हा शब्द मी हजारदा लिहिला असेल. सॉस एकीकडं, चिकन एकीकडं, मध्ये पाणी. शीरच होती ती.

"भट्टी चौदाशेच्या आसपास असती, तरी गार स्क्रॅप एकदम ढकललं की ताव उतरतोय," मामा म्हणाला. "तुमचा तर गॅस. त्यात किलोभर गार माल एका दमात टाकला. थोडं थोडं चार्ज करायचं असतंय, साहेब."

"अर्धा किलोच टाकला. अर्धा मावेना म्हणून राहिलाय."

"मग वाचलाय की! न्हाणीत चूल हाय काय?"

आहे. शहापूरच्या जुन्या घरांत असते तशी, परसाकडच्या न्हाणीत, वर तांब्याचा हंडा. सोलर बसवून सहा वर्षं झाली, पण आईला सोलरच्या पाण्यानं अंघोळ केल्यासारखं वाटत नाही.

"करवंट्या टाका," मामानं सांगितलं. "कढई लोखंडी घ्या. धूर निघेपर्यंत तेल घालू नका. आणि भिऊ नका."

आई वामकुक्षीला गेली होती. बायकोनं माळ्यावरून चकलीची लोखंडी कढई काढून दिली. मी आणि चिरंजीवांनी अर्धा भरलेला हंडा उचलून भिंतीकडं ठेवला, चुलीत करवंट्या रचल्या, काडी ओढली. करवंटी पेटली की कशी पेटते हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. चुलीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर आल्या, कढईच्या काठाला चाटायला लागल्या. कढईतून निळसर धूर निघाला. तेल घातलं, ते पाण्यासारखं पळालं. मूठभर चिकन टाकलं.

चर्र! असा आवाज, की कोपऱ्यातली पाल तुळईवर गेली.

कँटनचे लोक कढईच्या या करामतीला 'वोक हे' म्हणतात, कढईचा श्वास. हॉटेलातला बर्नर घरच्या शेगडीच्या कितीतरी पट आग ओकतो, म्हणून तो धुरकट, खरपूस वास घरी येत नाही. आमच्या न्हाणीत आला. चाळीस सेकंदांत तुकड्यांच्या कडा तांबूस झाल्या. काढलं, दुसरी मूठ टाकली. मग आलं-लसूण, मग ढबू मिरची, कोबी, वरून सगळं चिकन परत. कढईच्या काठावरून सोया सॉस ओतला तो खाली पोचायच्या आत करपून सुगंधी झाला. बायको दोन हातांनी सूप हलवत वारा घालत होती. चिरंजीव मोबाईल धरून ओरडत होते, "पप्पा, उडवा! उडवा!"

मी उडवलं. चिमट्यानं कान धरून कढईला असा हिसका दिला, की सगळं वर गेलं आणि त्याबरोबर तेलाचा भडकाही वर आला. क्षणभर न्हाणीत दिवाळी. पाच तुकडे वर गेलेले मी डोळ्यांनी बघितले. खाली चार आले. पाचवा कुठं गेला हे बघायला मला वेळ नव्हता, कारण डाव्या डोळ्यावर काहीतरी चुरचुरत होतं.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय जळालं काय हो?"

"चायनीज!" बायको ओरडली.

चौघांना पुरेल एवढं नव्हतंच. तिथंच, न्हाणीच्या उंबऱ्यावर उभं राहून कढईतनंच खाल्लं. चिरंजीव काही बोलले नाहीत. बोलायला तोंड रिकामं नव्हतं. वासानं आई उठून आली. तिनं तीन तुकडे खाल्ले, चौथा बोटानं कढईच्या बुडाला पुसला आणि खाल्ला. "धग लागलीय बघ," एवढंच म्हणाली आणि चुलीवर हंडा ठेवायला सांगून आत गेली. वेळ : दुपारी 2.40. स्वयंपाकाला लागलेला खरा वेळ मात्र सहा मिनिटं. बाईंच्याही निम्म्याहून कमी.

सोमवार आईचा कडक. मांस-मच्छी नाही, कांदा-लसूण नाही, पहाटे अंघोळ करून देवपूजा. साडेपाचला न्हाणीतून हाक आली, आणि हाकेत माझं पाळण्यातलं नाव होतं. हे नाव फक्त संकटात निघतं. मी धावलो. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. तांब्यात, छान फुगून, कॉर्नफ्लोअरचं आवरण शाबूत असलेला पाचवा तुकडा तरंगत होता.

"आता मी आंघोळ कशानं करतो, सांग."

हंडा चिंचेनं घासला, चूल सारवली, सोलरच्या पाण्याला आईनं नाइलाजानं मान्यता दिली. काम संपलं : सोमवार, सकाळी 7.10.

फौंड्रीत गेटवरच मामा भेटला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं लोखंडाकडं बघतो तसं डोळे बारीक करून बघितलं.

"माल बसला वाटतं, साहेब?"

"बसला."

"रिजेक्शन किती?"

"एक तुकडा, मामा," मी म्हणालो, "आणि एक भुवई."